विकत घेतलेली उंची

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतलं सर्वांत वरचं घर लोकांनी हौसेनं घेतलं. डोक्यावर कुणाची पावलं वाजत नाहीत, खिडकीतून टेकडी दिसते, एप्रिलच्या संध्याकाळीही वारा अडत नाही. या सुखाचं मोल सकाळी सातला न्हाणीघरात चुकवावं लागतं. शॉवर पूर्ण उघडला तरी मधल्या चार-सहा छिद्रांतून पाण्याच्या दोऱ्या लोंबतात, बाकीची छिद्रं नुसती ओलावतात. केसांतला शाम्पू काही केल्या निघत नाही आणि निम्मं भिजलेलं माणूस शेवटी कोपऱ्यातली बादली पुढे ओढतं. त्याच घटकेला, त्याच टाकीतलं पाणी पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी पाठीवर सणसणीत आपटत असतं.

वरच्या मजल्यावरचे काका मग गच्चीवर जातात, टाकीचं झाकण उचलून पाहतात. टाकी काठोकाठ. प्लंबर येतो तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टाकी तर फुल्ल आहे हो!" मुरलेल्या प्लंबरचं उत्तरही तितकंच ठरलेलं असतं. "काका, टाकी भरलेली आहे, पण उंच कुठंय?"

सगळं शास्त्र या उत्तरात आलं. सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६मध्ये पाण्याच्या भारावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात दाखवून दिलं, की भांड्याच्या तळावरचा पाण्याचा दाब भांडं किती ऐसपैस आहे यावर ठरत नाही, पाणी किती उंच उभं आहे यावर ठरतो. त्यामुळे दोन हजार लिटरची टाकी काढून तिच्याच चौथऱ्यावर, तेवढ्याच उंचीची पण दुप्पट रुंद टाकी बसवली, तरी शॉवरला त्याचा पत्ताही लागत नाही. दहा मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलो भरतो. प्लंबर ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतो, तो हाच.

आता या हिशेबाने चार मजली इमारत मोजून पाहावी. मजल्याची उंची तीन मीटर. शॉवर फरशीपासून साधारण दोन मीटरवर, म्हणजे वरच्या घरात गच्चीच्या स्लॅबपर्यंत जेमतेम एक मीटर उरला. गच्चीवर टाकीचा चौथरा मीटर-सव्वा मीटरचा, त्यावर टाकीत मीटरभर पाणी. टाकी भरलेली असताना वरच्या शॉवरच्या माथ्यावर तीन मीटर पाणी उभं असतं आणि टाकी तळाला गेली की दोनच. पाव किलोच्या आसपासचा हा दाब. तीन मजले खाली, पहिल्या मजल्यावर, त्यात नऊ मीटरची भर पडते आणि तो बारा मीटरवर जातो. टाकी अर्धी झाली तर पहिल्या मजल्याला कळतही नाही, कारण बारातला अर्धा मीटर गेलेला कुणाच्या अंगाला जाणवत नाही. वरच्या घराचा मात्र तेवढ्यानेच सहावा हिस्सा जातो. म्हणून पाणीकपातीच्या दिवसांत टाकीची पातळी गच्चीवर न जाता सांगू शकणारं माणूस नेहमी वरच्या मजल्यावरच भेटतं.

टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४मध्ये या हिशेबात आणखी एक कलम जोडलं. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उंची चौपट केली की वेग दुप्पट. पहिल्या मजल्याला वरच्यापेक्षा चौपट दाब मिळत असेल, तर त्याच शॉवरमधून दुप्पट पाणी येणार. निसर्गाच्या बाजूने पाहिलं तर यात अन्याय काहीच नाही. इमारतीच्या बाजूने पाहिलं तर आहे, आणि त्याच्याकडे पुढे यायलाच हवं.

विजेचा पंप येण्यापूर्वी माणसांनी दाब मिळवला तो जमिनीकडून. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला ओढ्यावर बंधारे घालून पाणी अडवलं आणि जमिनीखालून बांधीव नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत आणलं. कात्रज उंचावर, शहर उतारावर. तेवढ्या उतारावर सगळी योजना चालली. वाटेत हौद होते, काळा हौद, बदामी हौद ही नावं त्यांतूनच पुण्याच्या तोंडी राहिली. आणि नळात कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं पाहायला आज पर्यटक थांबतात, तेव्हा त्याच्या कमळाच्या पाकळ्यांकडे बघतात. त्या धारा ज्या काळी उडत होत्या, त्या काळी वीज नव्हती, मोटर नव्हती; त्यांच्या मागे उभी होती ती फक्त उंचावरच्या पाण्याची पातळी.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला हेच तत्त्व डोळ्यांसमोर उलगडतं. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही कोस चालत येतं, दर्ग्याच्या आवारात एका उंच भिंतीतून वर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. पाणी वर चढताना पाहून लहान मुलं चकित होतात. मोठ्यांनीही व्हायला हरकत नाही. मूळ झरा भिंतीच्या माथ्याहून उंच आहे, एवढ्या एका कारणाने ते पाणी आपल्या पायांनी वर येतं आणि त्या पाण्यावर पूर्वी जातं फिरत असे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी जी नहर बांधली, तिच्या वाटेवरही हवा सोडण्यासाठी मनोरे आहेत. हवा कोंडली की पाणी अडतं, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आजच्या कित्येक इमारतींत गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाला हवेचा साधा व्हेंट ठेवलेला नसतो. नळ सोडला की आधी फुरफुर, मग खोकल्यासारखे दोन हबके आणि मग पाणी, असं जिथे होतं, तिथे हाच दोष निघतो.

मुंबईची गोष्टही उताराचीच. १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, पुढे तुळशी, मग १८९२मध्ये तानसा. मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली एक मोठा जलाशय लपलेला आहे. बागेत फिरणाऱ्या बहुतेकांना त्याची कल्पना नसते. टेकडीवर पाणी साठवायचं आणि दक्षिण मुंबईला वरून द्यायचं, ही त्यामागची योजना.

मग घरोघरच्या शॉवरची तक्रार आताच एवढी का वाढली? याचं उत्तर निम्मं न्हाणीघराच्या सजावटीत आहे. मोरीत घंगाळ होतं, बंब होता, तांब्या होता, तोवर दाबाचा प्रश्नच नव्हता. बादली हळू भरली तर माणूस तेवढ्यात दात घासून घेई. जुने पितळी नळही मोठ्या पोटाचे होते, पाव किलो दाबावरही त्यांतून भरपूर पाणी पडायचं. आता भिंतीत पुरलेला डायव्हर्टर असतो, त्यातून पाणी अरुंद वळणांनी फिरतं, पुढे सिरॅमिकची चकती, जाळी, मग ताटाएवढा रेन शॉवर. असल्या शॉवरला नीट चालायला एक-दीड किलो दाब हवा असतो, आणि खोक्यावर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. दुकानात मात्र तो दाखवतात तेव्हा दुकानातला पंप चालू असतो. नूतनीकरणावर लाखभर रुपये घातलेलं घर पहिल्याच सकाळी हिरमुसतं ते यामुळे. फिटिंग निवडण्याआधी आपल्या घरात दाब किती आहे हे विचारण्याची सवय अजून आपल्याकडे रुजलेली नाही. दुकानदाराने ती लावायला हवी होती, आर्किटेक्टने तर नक्कीच.

पंप घ्यायला निघालेल्या माणसाने आधी एक बादली घ्यावी. पंधरा लिटरची बादली शॉवरखाली ठेवायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला दहा लिटर येतंय. अंघोळीला हे पुष्कळ झालं. चार-पाच मिनिटं लागली तर तक्रार खरी. मग शॉवरचं तोंड फिरवून काढायचं आणि उघड्या पाइपाखाली पुन्हा तेच मोजायचं. आकडा एकदम सुधारला तर दोषी शॉवर आहे. बोअरच्या पाण्याचे क्षार छिद्रांत दगडासारखे बसतात. तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं, तर पुष्कळ ठिकाणी पंपाचा खर्च तिथेच वाचतो.

तिथे सुधारलं नाही तर गच्चीवर जावं. टाकी धुणाऱ्याने बंद केलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेलाच नसतो, हे इतक्यांदा आढळतं की प्लंबर आधी तिकडेच हात घालतो. गेट व्हॉल्व्हची चकती आतल्या आत तुटून खाली पडते आणि वरचं चाक नुसतं फिरत राहतं, हाही नेहमीचा प्रकार.

त्याहून खोल दुखणं जुन्या लोखंडी पाइपांचं. जीआय पाइप बाहेरून रंगवलेला, धडधाकट दिसतो आणि कापल्यावर आत गंजाच्या गाठींनी भरलेला निघतो. मधे बोट जाईल एवढीच वाट. घर्षणाचं गणित इथे फार निष्ठुर आहे. पाइपाचा व्यास निम्मा झाला, तर तेवढंच पाणी पुढे न्यायला सुमारे बत्तीस पट दाब खर्ची पडतो. वरच्या घराकडे मुळात तीन मीटर उंची, तीही अशी वाटेतच संपते. अशा पाइपाला पंप लावणं म्हणजे चुकीच्या जागी औषध देणं आहे. गंजाचे पापुद्रे सुटून गीझरच्या तोंडाशी अडकतात, सांधे गळू लागतात आणि दोन महिन्यांत भिंतीवर ओल उमटते. तिथे आधी सीपीव्हीसी प्लास्टिकची नवी लाइन टाकावी. टाकीपासून शेवटच्या खोलीपर्यंत पाऊण इंची किंवा एक इंची पाइप आणि अर्धा इंच फक्त नळाजवळ, एवढा एक बदल केला तरी काही घरांत शॉवर उठतो.

हे सगळं तपासून झालं, पाइप नवे आहेत, छिद्रं मोकळी आहेत आणि तरीही पाणी मरगळलेलं आहे, तर प्रश्न खरोखरच उंचीचा. तिथे पंप.

या यंत्राकडे थोडं कौतुकानं पाहायला हवं. प्रेशर पंपाच्या पोटात पात्यांची एक चकती असते, इम्पेलर. आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. चकतीचा व्यास दहा सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी. तिच्या कडेचा वेग सेकंदाला साडेचौदा मीटर भरतो. पाणी मध्यावर शिरतं, पात्यांबरोबर फिरत कडेला फेकलं जातं आणि भोवतालच्या शंखाकृती कवचात त्या वेगाचं दाबात रूपांतर होतं. किती दाब? ढोबळ हिशेबाने दहा-अकरा मीटर उंचीचा. तीन-साडेतीन मजले उंचीवर टाकी नेऊन ठेवली असती तर जो दाब मिळाला असता, तो एका तळहाताएवढ्या चकतीने गच्चीच्या कोपऱ्यात बसून दिला. महाराष्ट्राला पंप नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगरांपाठोपाठ तिथून पंपही बाहेर पडू लागले. ते विहिरीतलं पाणी उसाला आणि द्राक्षाला नेत. त्याच जातीचं यंत्र, अंगाने लहान होऊन, आज न्हाणीघरापर्यंत आलं आहे.

एका बाथरूमसाठी पाव हॉर्सपॉवर पुरते, दोन-तीन नळ एका वेळी चालणार असतील तर अर्धी. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चौघांच्या अंघोळीला मिळून चाळीस मिनिटं चालला तरी अर्धं युनिट वीज लागत नाही. 'मोठाच घ्या, टेन्शन नको' हा दुकानातला सल्ला ऐकू नये. मोठ्या पंपाने शॉवर टोचायला लागतो, फ्लशची टाकी धडाडून भरते, नळ पटकन बंद केला की पाइपात ठोका बसतो आणि पाणी विनाकारण वाहून जातं. दहा-बारा मीटरची भर पडली की वरचं घर पहिल्या मजल्याच्या बरोबरीला येतं. त्यापुढचं मागण्याचं कारण नाही.

पंप आपोआप सुरू-बंद होण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि घेणाऱ्याने त्या समजून घ्याव्यात. एकीत पाणी वाहू लागलं की आतली पट्टी हलते आणि मोटर सुरू होते. हा फ्लो स्विच. साधा, स्वस्त, पण पाणी आधी थोडं तरी वाहायला हवं. शॉवर टाकीच्या पातळीच्या अगदी जवळ असेल तर तेवढंही पाणी वाहत नाही आणि पंप ढिम्म राहतो. दुसरीत पाइपातला दाब उतरला की मोटर सुरू होते, आणि सोबत रबरी पडद्याची छोटी टाकी असते. पडद्याच्या एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. हात धुण्यापुरतं पाणी ती हवाच ढकलून देते, मोटरला उठावं लागत नाही. पण घरात एखादा नळ ठिबकत असला की हा पंप रात्रीबेरात्री दर काही मिनिटांनी क्षणभर गुरगुरतो. पंप बिघडला म्हणून बोलावलेला माणूस नळातला पन्नास पैशांएवढा वॉशर बदलून जातो.

बसवताना कसब लागतं ते पुढच्या गोष्टींत. पंप टाकीच्या बुडाशी, गच्चीवर बसवावा, म्हणजे पाणी त्याच्या तोंडात आपोआप येतं. ओढायला लागत नाही. पाणी संपलं असताना तो फिरत राहिला तर आतलं सील काही मिनिटांत करपतं, म्हणून कोरडा चालू न देणारं संरक्षण हवंच. पावसाळ्यासाठी वर पत्र्याचं झाकण, अर्थिंगची तार आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच यांत तडजोड नको, कारण या यंत्राला जोडलेल्या पाण्याखाली माणूस उघड्या अंगाने, ओल्या पायांनी उभा असतो. पंपाखाली रबराचे पॅड आणि दोन्ही बाजूंना लवचीक नळी दिली नाही तर स्लॅब त्याचा आवाज खालच्या शयनगृहापर्यंत पोचवतो. आणि पंपाला वळसा घालणारी एक बायपास लाइन, तिच्यावर एकमार्गी व्हॉल्व्ह, ही तर सर्वांत महत्त्वाची. वीज गेली तर पाणी त्या वाटेने, पूर्वीच्याच संथ गतीने का होईना, येत राहतं. चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी बायपास गाळणारा माणूस घराचं सगळं पाणी विजेच्या हाती देतो. लातूर-बीडकडे, जिथे उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते, तिथल्या प्लंबरना हे सांगावं लागत नाही.

गरम पाण्याचा गुंता वेगळा. विजेच्या साठवणीच्या गीझरवर सहा-आठ बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलो) सोसण्याचा आकडा छापलेला असतो, त्याला एका किलोची वाढ काहीच नाही. गॅस गीझरचं तर भलंच होतं. पाण्याचा जोर नसेल तर त्यातला पडदा हलत नाही आणि ठिणगीच पडत नाही. वरच्या मजल्यावर हिवाळ्याच्या सकाळी त्याचा नुसता टकटक आवाज ऐकत कुडकुडत उभं राहावं लागतं, ते थांबतं. अडचण येते ती गच्चीवरच्या साध्या सोलरची. काचेच्या नळ्यांचा तो सोलर दाबासाठी बनवलेलाच नसतो, त्याच्या टाकीला हवेचा उघडा पाइप असतो. त्यात पंपाचं पाणी सोडलं तर ते वरच्या पाइपातून सांडतं किंवा टाकी फुगते. फक्त थंड पाण्याच्या लाइनवर पंप लावला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटतं, पार सोलरच्या टाकीपर्यंत, आणि अंगावर पडतं ते गारच. इथे गरम लाइनवर सोलरच्या पुढे वेगळा, गरम पाणी सोसणारा पंप हवा आणि दोन्ही बाजूंना एकमार्गी व्हॉल्व्ह. खर्च दुप्पट होतो, पण अर्धवट कामाने होणारं नुकसान त्याहून जास्त.

एक गोष्ट पंप कधीच करत नाही. तो पाणी निर्माण करत नाही. भारतात शहरी पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर हा आकडा धरतात, त्यात अंघोळीबरोबर स्वयंपाक, कपडे, भांडी, संडास सगळं आलं. मिनिटाला दहा लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं की पन्नास लिटर गेलं. बादलीची अंघोळ वीस लिटरमध्ये होते. मग शॉवर हवाच कशाला, असं तोडून बोलणारे लोक आहेत आणि दुष्काळी जिल्ह्यांतून शहरात आलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभतंही. पण भरलेली बादली वीस किलोंची असते. गुडघे बदललेल्या आजींना ती उचलता येत नाही, स्टुलावर बसून वाकून तांब्या भरणं मणक्याला झेपत नाही. प्लास्टरमधला पाय, बाळंतपणानंतरचे दिवस, अर्धांगवायूतून उठणारे आजोबा, या सगळ्यांना खुर्चीत बसून हातात धरता येणारा हँडशॉवर आणि त्यात पुरेसा जोर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून अंघोळ करून घ्यावी न लागणं. वाढत्या वयाच्या शहरांत हा मुद्दा चैनीच्या यादीतून बाहेर काढला पाहिजे. पाणी वाचवायचं असेल तर शॉवरच्या मानेत प्रवाह रोखणारी चकती बसवता येते. दाब चांगला असला की मिनिटाला सहा-सात लिटरमध्येही अंग स्वच्छ निघतं. दाब नसला की तेच पाणी दुप्पट वेळ सोडावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट, जी पंपाकडून कधीच करवून घेऊ नये. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावू नये. टाकीच्या पुढे लावलेला पंप आपलंच साठवलेलं पाणी ढकलतो. रस्त्यावरच्या नळजोडाला लावलेली मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढते. एकाने लावली की पाणी कमी झालं म्हणून दुसरा लावतो, आणि गल्लीच्या टोकाच्या, मोटर न परवडणाऱ्या घरात नळ नुसता फुसफुसतो. एवढ्यावर भागत नाही. आपल्या शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं. त्या वेळी दहा मोटारी एकदम ओढायला लागल्या की पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. जुन्या पाइपाला शेजारच्या गटाराजवळ चीर असली की इतर वेळी तिथून पाणी बाहेर गळतं, आता गटारातलं आत ओढलं जातं. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रोच्या साथी अशाही वाटेने घरात येतात. उन्हाळ्यात महापालिकांची पथकं अशा मोटारी जप्त करतात, कारण त्या नियमबाह्य आहेत. त्या जप्तीच्या बातमीकडे दंडाची गोष्ट म्हणून न पाहता आरोग्याची गोष्ट म्हणून पाहायला हवं.

नळजोडावर किती दाब मिळावा, याचे सरकारी निकष कागदावर आहेत. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या १९९९च्या नियमावलीने एकमजली वस्तीला ७ मीटर, दुमजलीला १२, तिमजलीला १७ असे आकडे घालून दिले. कराडजवळच्या मलकापूर या छोट्या गावाने चोवीस तास, मीटरने पाणी देऊन दाखवलं. जिथे लाइन सतत भरलेली असते, तिथे ओढून घेण्याची घाईच उरत नाही. मोठ्या शहरांनी या छोट्या गावाकडे जायला हवं.

तिमजलीच्या वर मात्र निकषानुसारही उंची इमारतीनेच आणायची असते, आणि इथे तो अन्याय समोर येतो. टाकीचा चौथरा आणखी दोन मीटर उंच बांधला असता तर वरच्या घराचा दाब जवळपास पावणेदोन पट झाला असता. बांधणाऱ्याने तेवढा सिमेंट-सळईचा खर्च वाचवला आणि वरच्या चार कुटुंबांनी तो पुढची तीस-चाळीस वर्षं रोज सकाळी फेडला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार प्रत्येक घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून लावला जातो. वरच्या घरात नळ तेवढेच, आकारही तेवढाच. पाणी निम्म्या वेगाचं. त्याच उपविधींनुसार पाण्याच्या टाक्या, पंप आणि बाहेरच्या पाइपलाइनी यांची देखभाल सोसायटीच्या खर्चाने करायची असते. म्हणजे वरच्या मजल्याचा दाब हा वरच्यांचा खासगी शौक ठरत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी प्रत्येक वरचं घर आपापला पंप विकत घेतं, गच्चीवर चार वेगवेगळ्या मोटारी, चार वायरी, चार झाकणं दिसतात, आणि सभेत आवाजाची तक्रार मात्र सोसायटीकडे होते.

वरच्या मजल्यावर उतरणाऱ्या लाइनीवर सोसायटीने एकच मोठासा पंप बसवला, सोबत आलटून-पालटून चालणारा दुसरा, तर खर्च कमी होतो आणि एक बंद पडला तरी चौघांचं पाणी अडत नाही. नळ जसजसे उघडतील तसतसा वेग बदलणारे इन्व्हर्टर पंप आता सहज मिळतात. पहाटे एकट्याने शॉवर उघडला तर ते हळू फिरतात, आवाजही कमी. वीज सामायिक मीटरवर घ्यावी. वार्षिक सभेत हा विषय मांडताना वरच्या मजल्यावरच्यांनी विनंती म्हणून मांडू नये, दुरुस्ती म्हणून मांडावा. सोबत चारही मजल्यांवर बादली भरायला लागलेल्या वेळेचा तक्ता ठेवावा. ठरावात पंपाच्या किमतीबरोबर बायपास, आरसीसीबी, पावसाळी झाकण आणि दर वेळी टाकी धुताना पंपाची गाळणी साफ करण्याचं काम कुणाकडे, हेही लिहून घ्यावं.